दोन घरांमधले सायप्रस

गोंदियाजवळच्या फुलचूरमध्ये आमच्या घराचा पत्ता सांगायला नंबर लागत नाही. ऑटोवाल्याला 'वो ऊँचे झाड़ वाला घर' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो. पण ती झाडं नुसती आमची नाहीत. प्लॉटच्या मधोमध सायप्रसची एक रांग आहे, तिच्या एका बाजूला आमचं घर आणि दुसऱ्या बाजूला माझ्या मोठ्या जावेचं. एवढी देखणी रांग लावायची कल्पना कुणाची, असं पाहुणे कौतुकाने विचारतात, तेव्हा आम्ही दोघीही चहा टाकायला आत जातो. ही झाडं हौसेने लावलेली नाहीत. आम्ही दोघी भांडलो होतो, आणि एकमेकींचं तोंड दिसू नये म्हणून ती आली.

माझे यजमान आणि माझे भासरे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, सौंदडजवळच्या एका खेड्यातले. धानाची शेती अजून तिथेच आहे आणि दोघे मिळून करतात. घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. कुठल्याशा पिढीतल्या पूर्वजाने गावाला तलाव बांधून दिला, आणि त्याचा अभिमान इतका की नळाखाली बादली लावतानासुद्धा मला तलावाच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. मुलं शिकायची झाली तेव्हा दोघा भावांनी फुलचूरला प्लॉट घेऊन दोन घरं बांधली. मध्ये भिंत घातली नाही. अंगण एक, तुळस एक, कपडे वाळत घालायची दोरीही एकच होती.

मी वर्ध्याकडची, कापसाच्या मुलखातली. लग्न होऊन आले तेव्हा धानाचं रोप कोणतं आणि गवत कोणतं, हेही मला कळत नव्हतं. ते ज्या बाईने शिकवलं ती माझी ही जाऊ. मी तिला 'बाई' म्हणते, ती मला 'लहानी' म्हणते. रोवणी मागे मागे सरकत करायची असते, हे तिने मला गुडघाभर चिखलात उभं करून दाखवलं, आणि मी सपशेल आडवी झाले तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. माझी दोन्ही बाळंतपणं तिने काढली. माझी आई लवकर गेली, माहेर दूर, त्यामुळे या अख्ख्या जिल्ह्यात मनातलं बोलायला मला हे एकच माणूस होतं. आणि ते माणूस मी वड्यांपायी गमवायला निघाले होते.

लाखोळीच्या वड्या. बाई दर उन्हाळ्यात डाळ भिजवून, वाटून, खाटेवर जुनं लुगडं पसरून त्यावर वड्या घालते. त्या दिवशी खाट आमच्या भिंतीजवळ होती. मी ब्लाउज शिवते. माझं मशीन खिडकीशी असतं, आणि मशीन सुरू झालं की मला जगाची शुद्ध राहत नाही. वर टाकी भरून वाहू लागली, पाणी पन्हाळीतून सरळ वड्यांवर पडलं, आणि बाहेरून बाईचा आवाज आला.

"दिसत नव्हतं काय तुले? खिडकीतच त बसली राहते."

मी म्हटलं, "एवढं अंगण सोडून तुम्हाला आमच्या पन्हाळीखालीच वड्या घालायच्या होत्या का?"

मग एकातून दुसरं निघत गेलं. ती म्हणाली, तुझ्या घरचं पाणीसुद्धा माजलेलं आहे. मी म्हटलं, वाहून गेल्या तेच बरं झालं, तसंही त्यांत मीठ जास्त असतं. हे बोलल्याचा मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर छान दिसेल, पण मीठ खरंच जास्त असतं. बाईने खाट उचलली, आत गेली आणि दार लावलं. संध्याकाळी भासऱ्यांना तिने सांगितलं, "भिंत घाला मध्ये. मले कोनाचं तोंड पाहाचं नाई."

भाऊ भाऊ मात्र मजेत होते. सकाळी एकत्र चहा, दुपारी एकाच गाडीवर शेतात. दोघांनाही भिंत नको होती, आणि दोघांचीही ते आपापल्या घरी सांगायची हिंमत नव्हती. विटांचा भाव काढायचं चाललं होतं, तेव्हा माझ्या यजमानांना एक युक्ती सुचली. ते शाळेत मास्तर होते, आता रिटायर झालेत. मुलांची सहल घेऊन ते पचमढीला गेले होते, तिथे त्यांनी उंच, सरळ, दाट झाडांच्या रांगा पाहिल्या होत्या. पलीकडचं काही दिसत नाही म्हणे. "भिंतीचं काम करतील आणि हिरवी राहतील," ते म्हणाले. बाईने दारातूनच सांगितलं की झाडं लावा नाहीतर लोखंड लावा, मले काय त्याचं. मीही मान उडवली.

बालाघाट रोडला एक नर्सरी आहे. तिथला माल आंध्रातून ट्रकने येतो. यजमानांनी कंबरेएवढी रोपं आणली, टोकदार आणि गर्द हिरवी. नर्सरीवाल्याने काय काय सांगितलं असेल ते त्यांनी ऐकलं नसणार. तलाव बांधणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला पाणी आणि माती यांबद्दल दुसऱ्या कुणी सांगायची सोय नसते.

लावणीचा रविवार मला नीट आठवतो. आमचा प्लॉट पूर्वी धानाची बांधी होता. म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बुटका धुरा घालून पाणी अडवलेला तुकडा. माती कन्हार, काळी चिकट, पाणी एकदा धरलं की सोडायचं नाव घेत नाही. दोघा भावांनी त्या मातीत लांबच लांब चर खणला, त्यात पाणी सोडलं आणि पायांनी तुडवून त्याचा मऊ चिखल केला, धानासाठी करतात तसाच. दोन्ही बाजूंनी धुरे घातले, पाणी बाहेर जायला नको म्हणून. चिखल झाल्यावर दोघे बाजूला झाले आणि वाट पाहत उभे राहिले. कारण रोवणी बायकांनी करायची असते.

मी इकडून आले, बाई तिकडून आली. दोघींनी पदर खोचला. आमचं बोलणं बंद असल्यामुळे कुणी कुठून सुरू करायचं हे ठरवता आलं नाही, म्हणून एकेका टोकापासून दोघी सुरू झालो आणि सवयीप्रमाणे मागे मागे सरकत लावत गेलो. शेवटी मधोमध आमच्या पाठी एकमेकींवर आदळल्या. दोघीही न बोलता सरळ झालो आणि आपापल्या नळावर पाय धुवायला गेलो. दोघे भाऊ मात्र आकाशाकडे पाहत उभे होते.

त्यानंतरचे दिवस विचित्र होते. श्रावणात दर सोमवारी आम्ही दोघी नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला जायचो. त्या वर्षी ती वेगळ्या ऑटोत गेली आणि मी वेगळ्या, आणि तिथे रांगेत एकीमागे एक उभ्या राहिलो. तिने वाहिलेल्या बेलावर मी बेल वाहिला. घरी मशीनवर बसले की रोपांवरून पलीकडचं सगळं दिसायचं. ती भांडी घासतेय, पाटा धुतेय, दारात बसून एकटीच चहा पितेय. झाडं अजून लहान होती, त्यामुळे जे दिसू नये म्हणून ती लावली ते सगळं दिसत होतं आणि बोलता मात्र येत नव्हतं. मला फार एकटं वाटायचं. कुणाला सांगणार, सांगायची ती समोरच बसलेली.

मध्ये पावसाने दडी मारली. ऊन तापलं, चराच्या कडेला भेगा पडल्या, आणि माझ्या लक्षात आलं की बाई काही झाडांकडे फिरकत नाही. माझं डोकं फिरलं. भिंत हवी होती हिला, आणि पाणी मी घालायचं. तरीही झाडं मरताना बघवेना, म्हणून ती आत असली की मी रोज पाइप लावून चर भरून द्यायचे. धुरे पक्के होते, पाणी छान उभं राहायचं. मग पाऊस परत आला आणि तेच पाणी तिथल्या तिथे राहिलं.

पोळ्याच्या सुमारास झाडं खालून पिवळी पडू लागली. पिवळी, मग तपकिरी. पानांना हात लावला की चुरा हातात यायचा. माझ्या मनात काय काय आलं ते सांगते. मला वाटलं बाई रात्री गरम पाणी ओतते. नाहीतर मीठ टाकते, त्या दिवशी मिठावरून बोलले होते म्हणून. तिकडे भासऱ्यांकडून कळलं की तिचा संशय माझ्यावर आहे, मी कपडे धुतलेलं सोड्याचं पाणी सोडते म्हणून. शेवटी यजमानांनी नर्सरीवाल्याला घरी आणलं. त्याने एक धुरा पायाने दाबून पाहिला, मग एक रोप धरून ओढलं, तर ते लोण्यातून सुरी निघावी तसं वर आलं. मुळं काळी आणि लिबलिबीत. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तुंबलेल्या पाण्यात कुजली की जो वास येतो तोच वास.

"भाभीजी, ये धान नहीं है," तो म्हणाला. "इसको पानी पिलाना है, पानी में खड़ा नहीं करना है. इतना पानी डाला किसने?"

"मी," मी म्हटलं.

"मी," बाईही म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी सरळ पाहत होते. ती म्हणाली, "तू टाकून राहिली होती पानी?"

"हो. तुम्ही टाकत नव्हता म्हणून."

"मी त रोज दुपारी टाकून राहिली होती. तुयी मान मशीनवर खाली गेली का मी टाकत होती. तुले झाडाचं काही पडलं नाई असं वाटलं मले." मग ती म्हणाली, "मरू द्याची होती काय मंग?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि नर्सरीवाल्यासमोर दोन्ही नको म्हणून मी पदर तोंडाला लावला. बाई कोपऱ्यातल्या दगडावर बसून पोट धरून हसत होती. दोघींनी मिळून पाणी घालून घालून झाडं मारली होती, आणि ती मरू नयेत म्हणून मारली होती. माझे यजमान म्हणाले, आता ही झाडं हवीतच कशाला, तुम्ही बोलायला लागलात. पण बाई ऐकेना. "लावली हाय त जगवा लागते," ती म्हणाली. तिच्या जिवाला लागलं होतं ते झाडांचं मरणं. माझ्याही.

दुसऱ्या खेपेला नवी रोपं आली आणि काम भासऱ्यांनी हातात घेतलं. धुरे मोडून टाकले आणि चर बुजवून त्या जागी मातीचा उंच बांध घातला. दोन्हीकडे उतार, आत मुरूम, वरून माती दाबून बसवलेली. तलावाचा बांध असतो तसाच, फक्त छोटा, आणि ज्यात तलाव नाही असा. हे काम करताना दोघे भाऊ इतके खूश होते की मुलं झाल्यावरही मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. झाडं बांधाच्या माथ्यावर लागली. पाणी घातलं की दोन्ही बाजूंनी उतरून जायचं आणि मुळाशी पुरेल तेवढंच राहायचं. राइस मिलमधून धानाचा भुसा आणून आम्ही बुंध्यांभोवती पसरला, उन्हात माती तडकू नये म्हणून.

आणि पाण्याची पाळी लागली. गावात तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत कधी जाईल, हे ठरवायला एक माणूस नेमलेला असतो, त्याला पाणकर म्हणतात. त्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. भासरे म्हणाले, "दोन मालकाचं पानी झालं का पाळी लावाच लागते. धानाले बी लागते, झाडाले बी लागते." पाणकर म्हणून बाईची नेमणूक झाली. मी विरोध केला नाही, आणि केला असता तरी चाललं नसतं. तेव्हापासून ती सकाळी मातीत बोट खुपसून पाहते आणि हुकूम सोडते. "आज तुयी पाळी." "आज कोनाची नाई, ओल हाय." माझ्या स्वयंपाकघरात काय शिजावं हेही ती त्याच आवाजात सांगते, पण ते वेगळं.

सायप्रस वाढताना दिसत नाही. आज पाहा, उद्या पाहा, तेवढाच. आणि मग एखाद्या दिवाळीला फोटो काढताना कळतं की तो आपल्या डोक्याच्या वर गेला आहे. त्याची कामं थोडी पण नेमकी असतात. पावसाळ्यात बुडाशी पाणी थांबू द्यायचं नाही. हिवाळ्याच्या शेवटी कोवळ्या शेंड्यांना हलकी कात्री लावायची, की झाड आतून भरतं. मी ब्लाउजची कात्री वापरली म्हणून यजमानांनी डोक्याला हात लावला होता, पण मला कापडाची कड सरळ कापायची सवय, माझी बाजू जास्त नीट येते. उन्हाळ्यात बारीक लाल किडा लागतो. डोळ्यांनी सहज दिसत नाही, पण पानं आतून भुरकट होतात. त्यावर उपाय म्हणजे सकाळी पाइपने सगळ्या झाडाला अंघोळ घालायची, वरून खालपर्यंत. ते काम बाईचं आवडतं. एका उन्हाळ्यात मुनियांनी मधल्या झाडात घरटं केलं, तेव्हा पिल्लं उडेपर्यंत तिने त्या झाडाला पाणीही हळू आवाजात घातलं.

झाडं कंबरेएवढी होती तेव्हा आम्ही वरून डबे द्यायचो. वड्यांची आमटी इकडे, माझी पुरणपोळी तिकडे. खांद्याएवढी झाली तेव्हा हनुवटी टेकल्यासारखं उभं राहून तासभर बोलायचो. मग बाईचं कपाळ तेवढं दिसायला लागलं, मग तेही नाही. फांद्या एकमेकांत शिरल्या, फटी बुजल्या. फुलचूरमधली लग्नाची पोरंपोरी आमच्या झाडांसमोर उभी राहून फोटो काढून घेऊ लागली. बाई दारात उभी राहून सांगायची, "हात लावू नोको पोरी, तुटते." तिला त्या रांगेचा भारी गर्व. मलाही होता. पण मशीनवर बसून खिडकीबाहेर पाहिलं की नुसतं हिरवं दिसायचं, आणि ती आता काय करत असेल याचा मी अंदाज करायचे. तिच्याकडे जायचं तर आता रस्त्यावरून वळसा घालून फाटक उघडून जावं लागायचं. आपण कामाशिवाय वळसा घालून जात नाही. दिवसाला चार वेळा होणारं बोलणं एकदा होऊ लागलं, कधी तेही नाही. भांडण मिटलं होतं आणि भिंत मात्र तयार झाली होती, आणि तिला पाणी आम्हीच घालत होतो.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. उन्हाळी धानाची कापणी सुरू होती, दोघे भाऊ सकाळीच गावाकडे गेले होते. लग्नसराईचे ब्लाउज अंगावर आलेले. मी बाजूच्या खिडकीतला कूलर जोरात लावून मशीनवर बसले होते. गोंदियाच्या मे महिन्यात कूलरशिवाय माणूस भाजून निघतो, आणि आमचा कूलर असा की चक्की सुरू असल्यासारखं वाटतं. ऊन वर आलं तेव्हा पाणी प्यायला उठले, दारातून पाहिलं तर बांधाच्या टोकाला, कुंपणालगतच्या बोटभर फटीतून पाणी आमच्या अंगणात येत होतं. चांगलं वाहत होतं.

त्या दिवशी पाळी आमच्या बाजूची होती. मला राग आला. स्वतः पाणकर, दुसऱ्याला घोटभर जास्त घालू देत नाही, आणि स्वतः पाइप सोडून आत जाऊन बसली. एकदा झाडं मारून झाली तरी शहाणपण नाही. काय काय बोलायचं ते ठरवत, चप्पल घालून, रस्त्यावरून वळसा घालून मी तिच्या फाटकातून आत गेले.

बाई बांधाच्या पायथ्याशी पडली होती. प्लास्टिकचं स्टूल बाजूला उलटलेलं. वरच्या पानांना पाणी मारायला ती त्यावर चढली होती. पाइप तिच्याच पायाशी वाहत होता. चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्धीवर होती. झाडांची सावली तिच्या अंगावर होती म्हणून बरं, नाहीतर त्या उन्हात काय झालं असतं ते मी मनात आणत नाही.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"काय माहीत," ती म्हणाली. "तुले आवाज देऊन राहिली होती. तुयी मशीन मले आयकू येऊन राहिली होती."

मी जिथे बसले होते तिथून ती मोजून एका खोलीच्या लांबीवर होती. झाडं नसती तर मान वर करताच दिसली असती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. घोट्याजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घातलं, आणि डॉक्टरांनी दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. बाई घरी आली आणि खिडकीशी खाट टाकून पडून राहिली. तिच्या खिडकीतूनही नुसतं हिरवंच दिसत होतं.

मी दिवसातून कितीतरी वेळा वळसा घालून जायचे. चहा, जेवण, औषध, वेणी. परत येऊन मशीनवर बसले की मात्र एक टाका धड पडायचा नाही. कूलर बंद करून कान द्यायचे. ती हाक मारतेय असं वाटायचं आणि मी अर्धा ब्लाउज टाकून पळत जायचे, तर ती झोपलेली असायची. मला भीती बसली होती. साध्या शब्दांत सांगायचं तर ती तिकडे मरेल आणि मी इकडे हुक लावत बसेन, ही भीती. एका सकाळी मी यजमानांना म्हटलं, "अजी, एक झाड काढायचं आहे." त्यांनी नर्सरीवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला.

"एक निकालोगे तो वो जगह फिर नहीं भरेगी, भाभीजी," तो म्हणाला. "बाजू वाले झाड़ अंदर की तरफ़ सूखी लकड़ी हैं, उसमें से पत्ता नहीं फूटता. नया लगाओगे तो छाया में चलेगा नहीं. सोच लो."

मी हे सगळं जसंच्या तसं बाईला सांगितलं. ती नाही म्हणेल याची मला खात्री होती. इतकी वर्षं मातीत बोट खुपसून जगवलेली झाडं, तिचा सगळा तोरा त्या रांगेवर. नाही म्हणाली तर कसं समजवायचं याची मी तयारीही करून गेले होते. ती छताकडे पाहत ऐकत राहिली.

"कोनतं कापून राहिली?" तिने विचारलं.

"कोपऱ्यातलं. तसंही ते एका बाजूने तपकिरी पडलंय. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"त्याच्यातून मले काय दिसनार हाय? तुयं न्हानीघर?" ती म्हणाली. "मधलं काप. माया खाटेसमोरचं."

"बाई, ते सगळ्यांत चांगलं आहे. फोटो त्याच्यासमोरच काढतात. आणि तिथे परत कधीच काही येणार नाही, तो म्हणाला ना."

"मले समजलं ना वं," बाई म्हणाली. "म्हनूनच त मधलं सांगून राहिली."

मग ती भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखी पडून राहिली. मी बराच वेळ तिच्या पायथ्याशी बसून प्लास्टरवर हात ठेवून होते. तिला ते कळत नव्हतं, हाताची ऊब प्लास्टरमधून जात नाही, पण मी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ करवत घेऊन आले. आधी मुनियांचं घरटं आहे का ते पाहिलं, नव्हतं. खालच्या फांद्या काढल्या, मग बुंधा. बाई खिडकीतून ओरडत होती, "बुडापासून काढा. खुंट ठेवू नोका." झाड पडलं तेव्हा फार आवाज झाला नाही. शेजारच्या दोन्ही झाडांच्या आतल्या बाजू उघड्या पडल्या, काड्या काड्या, वर्षानुवर्षं ऊन न लागलेल्या. दिसायला वाईट दिसत होतं. भासरे फांद्या ओढत फाटकाकडे गेले आणि जाताना बराच वेळ मागे वळून पाहत राहिले.

मी घरी आले. हात धुतले, कूलर लावला, मशीनवर बसले आणि खिडकीबाहेर पाहिलं. फटीतून बांध दिसत होता, त्यापलीकडे तिची खिडकी, आणि खिडकीत उशीला टेकून बसलेली बाई. ती सरळ माझ्याकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते. काहीतरी सांगत होती, हातही करत होती, पण मला शब्द कळेना.

मी उठले, कूलर बंद केला, खिडकीचं दार पूर्ण उघडलं आणि म्हटलं, "आता बोला, बाई."